दोन तुकड्यांमधली रेघ

सरांची भाषा गेली तेव्हा सगळ्याच भाषा एकदम गेल्या. घरची मराठी, भाजीवाल्याशी घासाघीस करायची कन्नड आणि वर्गातली इंग्रजी. सकाळी अंघोळीला निघाले आणि दारातच कोसळले. मेंदूत गुठळी झाली होती. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चालणं बऱ्यापैकी होतं, उजव्या हातात पेन्सिल धरण्यापुरता जोर होता आणि तोंडात फक्त 'तं, तं' एवढंच उरलं होतं. भूक लागली तरी 'तं', राग आला तरी 'तं'. ज्या माणसानं मला पाच वर्षं बोलून बोलून रडवलं, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला इतका संताप यायचा की कुणाला तरी धरून बदडावं असं वाटायचं. पण बदडणार कुणाला?

मी त्यांची विद्यार्थिनी, बेळगावकडची. पीएचडी त्यांच्याकडेच केली आणि मग पोटापाण्यासाठी एका कंपनीत लागले. तिथं औषधांच्या रेणूंची गणितं तयार प्रोग्रॅममध्ये घालायची आणि उत्तरं काढून द्यायची. कामात चूक काही नव्हती, पण जीव रमत नव्हता. म्हणून दर शनिवारी मी जयनगरहून मेट्रो पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मल्लेश्वरमला सरांच्या घरी जायची. सर निवृत्त झाले होते, बाकीचे विद्यार्थी परदेशात पांगले होते, आणि त्यांची अर्धवट राहिलेली पद्धत पुरी करायला आम्ही दोघंच उरलो होतो. काकू, म्हणजे सरांची बायको, धारवाडकडच्या. त्या मला बघून म्हणायच्या, "आलीस? ये की. आत तुझे सर सकाळपासून भिंतीशी भांडायलेत."

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेणूमध्ये इलेक्ट्रॉन असतात आणि ते एकमेकांना टाळतात. साधी पद्धत अशी की प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांची सरासरी दाखवायची, सगळ्यांचं मिळून एक धुकं आहे असं मानायचं आणि गणित सोडवायचं. उत्तर जवळपास बरोबर येतं. पण जे थोडंसं राहतं त्यातच सगळं रसायन अडकलेलं असतं: बंध किती घट्ट, तुटेल कधी, जुळेल कसा. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला संध्याकाळी आठव्या क्रॉसच्या, म्हणजे आठव्या गल्लीच्या, बाजारात नेलं होतं. फुलवाल्या, पिशव्या, स्कूटर, पोरं. म्हणाले, "आता ह्या गर्दीची सरासरी काढ आणि डोळे मिटून चाल." मी म्हटलं, "सर, कुणाच्या तरी अंगावर जाईन की." "तेच! समोरून येणाऱ्या बाईला तू चुकवतेस, ती तुला चुकवते. ते चुकवणं आपल्याला मोजायचंय. समजलं? की उगाच मान हलवतेस?" मी उगाचच मान हलवत होते. ते त्यांनी ओळखलं आणि परतीच्या वाटेवर अख्खा रस्ता मला झाडलं.

ते चुकवणं मोजायला आम्ही आकृत्या काढायचो. वर जाणारी रेघ म्हणजे उडी मारून वर गेलेला इलेक्ट्रॉन, खाली येणारी म्हणजे त्यानं मागं सोडलेली रिकामी जागा, आणि मधली आडवी तुटक रेघ म्हणजे एकाची दुसऱ्याला लागलेली झळ. प्रत्येक आकृती म्हणजे गणितातलं एक पद. ह्यात एक नियम असा होता की त्यापुढे सर देवाचंही ऐकत नसत. आकृतीचे सगळे भाग रेघांनी एकमेकांना जोडलेले असले पाहिजेत. दोन सुटे तुकडे असतील तर ती आकृती धरायचीच नाही. कारण सोपं होतं. एक रेणू मल्लेश्वरमला आणि दुसरा जयनगरला असेल तर एकाचं दुसऱ्याशी काय देणंघेणं? दोघांची मिळून ऊर्जा ही दोन ऊर्जांची नुसती बेरीज यायला हवी. सुट्या तुकड्यांची आकृती आत घुसली की ही बेरीज बिघडते. मी जयनगरला राहते म्हणून आमच्यात ह्या तपासणीला 'जयनगरची परीक्षा' असंच नाव पडलं होतं. कुणी सुट्या तुकड्यांची आकृती घेऊन आलं तर सर कागद हातातसुद्धा घेत नसत. "हे जयनगरला सोडून ये," एवढंच म्हणत.

दुसरी रीत अशी की प्रत्येक पद दोघांनी वेगवेगळं काढायचं, वेगळ्या खोलीत बसून, एक शब्द न बोलता. सर पुढच्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात काकूंच्या टेबलावर. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तरच प्रोग्रॅममध्ये घालायचं. एकट्यानं काढलेल्या पदावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नव्हता. 'आमच्या घरात' म्हणते आहे, पण घर त्यांचं होतं. सवय लागली, काय करणार.

आम्ही अडलो होतो ते नायट्रोजनच्या रेणूपाशी. त्याचे दोन अणू एकमेकांपासून ओढत दूर नेले की काही अंतरानंतर ऊर्जेचा आलेख सपाट व्हायला हवा. आमच्या आलेखाला तिथं एक टेंगूळ यायचं. निसर्गात असलं काही नसतं, ती आमच्या गणिताची लबाडी होती. सर म्हणायचे, "एक आकृती राहिली आहे. कुठंतरी एक आकृती आपण बघतच नाही आहोत." कोसळायच्या आदल्या शनिवारीही ते मला हेच म्हणाले होते.

त्यामुळे आजारपणानंतर एके दिवशी काकूंचा फोन आला, "अगं, ह्यांनी पेन्सिल मागितली. खुणेनं. आणि तुमच्या त्या रेघा काढायलेत," तेव्हा मी हातातलं काम तिथंच टाकलं. कंपनीत काहीतरी थाप मारली आणि तडक निघाले.

काकूंनी मला दारातच कागद दिले. तोंडावर बोट ठेवलं, आतल्या खोलीकडे मान केली आणि हळूच म्हणाल्या, "काम चाललंय." त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती, ती मी ह्या आजारपणात पहिल्यांदाच पाहत होते. मी कागद उघडले. वाकड्यातिकड्या, थरथरत्या, पण आकृत्या होत्या. वर जाणाऱ्या रेघा, खाली येणाऱ्या रेघा, मधली तुटक झळ. काकूंनी विचारलं, "बरोबर आहे का गं? मला काय कळतंय त्यातलं. डॉक्टर म्हणतात, आत किती उरलंय ते सांगता येत नाही. पण ह्यातलं कळणारं ह्या गावात आता कोण आहे तुझ्याशिवाय? तू बघून सांग."

सर आत आहेत की नाहीत, हे मी सांगायचं होतं. दुसरं कुणी सांगूच शकत नव्हतं. मी म्हटलं, "काकू, मला जरा वेळ द्या. घरी नेऊन बघते."

त्यांच्याकडे एक मुलगी यायची, बोलणं परत शिकवणारी. चित्रांचे पत्ते दाखवायची, कप, गाय, खुर्ची, आणि सरांकडून शब्द म्हणवून घ्यायची. तिनं सांगून ठेवलं होतं की ह्या सुरुवातीच्या महिन्यांत दिवसभर त्यांच्याशी बोलत राहा, जे परत यायचं ते आताच येईल. सरांना ते पत्ते आवडत नसत. ढकलून द्यायचे आणि पेन्सिलीकडे हात करायचे. शेवटी काकूंनी त्या मुलीला कन्नडमध्ये सांगितलं, "स्वल्प दिवस थांब. आमच्या ह्यांचं महत्त्वाचं काम चालू आहे." ती बिचारी 'सरी', म्हणजे बरं, म्हणून गेली. मलाही ते पटलं होतं. एवढ्या मोठ्या माणसापुढे गाईचं चित्र धरायचं, हे काय चाललंय असं मला वाटायचं.

घरी येऊन मी कागद पसरले. पुष्कळसं कामाचं नव्हतं, पण एक आकृती पुन्हा पुन्हा येत होती. डावीकडे एक भाग, उजवीकडे एक भाग आणि दोघांना जोडणारी एक लांब तिरपी रेघ, अगदी पुसट. ही आकृती आमच्या यादीत नव्हती. मी ती दिव्याखाली धरली, उलटी धरली, कागदाच्या मागून पाहिली. रेघ होती. प्रत्येक कागदावर होती, कधी थोडी वर, कधी खाली. राहिलेली आकृती हीच! बोलता येत नाही, पण माणूस आत बसून तिचाच विचार करतो आहे. मी खुर्चीवर बसून हमसून हमसून रडले, आणि मग कामाला लागले.

त्या आकृतीचं पद लिहायला, प्रोग्रॅममध्ये घालायला काही आठवडे गेले. ऑफिसचं काम सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत, मेट्रोत उभ्या उभ्या. आमची रीत मोडत होती, हे मला दिसत होतं. पद दोघांनी वेगवेगळं काढायचं असतं. पण दुसरे ते स्वतःच होते ना? त्यांनी आकृती काढली, मी ती वाचली, झाले की दोघं. असा मी हिशेब लावला. आमच्या धंद्यातल्या माणसालाच अशी चूक जमते. बाकी कुणाला त्या पुसट रेघेत रेघच दिसली नसती.

नायट्रोजनचं गणित चालवलं. टेंगूळ गेलं. आलेख शेवटपर्यंत कसा गुळगुळीत, सपाट. मी स्क्रीनसमोर एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा नागपूरचा मुलगा म्हणाला, "काय झालं मॅडम, प्रमोशन?" मी म्हटलं, "तुझं डोंबल!"

त्या शनिवारी मी मल्लेश्वरमला धारवाडी पेढे घेऊन गेले. काकूंना सांगितलं, सरांची आकृती लागू पडली म्हणून. त्यांनी पेढा हातात धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आहेत ते." मी म्हटलं, "आहेत काकू. आहेतच." त्या आवाज न करता रडल्या, पदर तोंडाशी धरून, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. सगळं घरच त्या दिवसांत आवाज न करता चालत होतं. मिक्सर सर झोपल्यावर, कुकर मागच्या अंगणातल्या शेगडीवर, टीव्हीवर चादर. कामवाल्या अक्कालासुद्धा ताकीद होती की भांडी आपटायची नाहीत. मला सरांच्या खोलीत काकू फार वेळ बसू देत नसत. मी सरांच्या पायाला हात लावायची, आलेख दाखवायची. ते आलेखावर बोट फिरवायचे आणि 'तं' म्हणायचे. त्या 'तं'मध्ये मला शाबासकी ऐकू यायची. आता काय सांगू.

मग मी दुसरे रेणू घेतले. फ्लोरिन घेतला, कार्बनचा जोडरेणू घेतला. सगळीकडे बट्ट्याबोळ. जिथं आधी ठीक होतं तिथंही बिघडलं. नायट्रोजनमध्ये दोन चुका योगायोगानं एकमेकींना खाऊन टाकत होत्या, एवढंच. सर ह्याला उत्तर म्हणायचे नाहीत. चुकीच्या वाटेनं बरोबर घरी पोचलेल्या माणसाला पत्ता विचारू नये, असं ते आम्हाला दरडावायचे. तरी मला वाटलं, आकृती वाचण्यात माझंच काही चुकलं असेल. ती रेघ कुठून निघते, कुठं पोचते, वरच्या टोकाला की खालच्या? ते पुसट कागदावरून कळेना. म्हणून ठरवलं की सर काढत असताना शेजारी बसून बघायचं. तोवर मी त्यांना काढताना एकदाही पाहिलं नव्हतं. कागद नेहमी काकूच आणून देत होत्या.

काकू आधी नको म्हणाल्या. "त्यांची तंद्री मोडेल." मी म्हटलं, "काकू, मी तोंड उघडणार नाही. शप्पथ." तेव्हा कुठं त्यांनी दारातली खुर्ची आत सरकवून दिली.

सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. सरांनी पेन्सिल उचलली. आधी डावा भाग काढला, वर एक रेघ, खाली एक रेघ, मध्ये तुटक झळ. हळू, पण न चुकता. मग उजवा भाग, तसाच. हात कापत होता, मनगट टेबलावरून उचलताना त्यांचा ओठ दाताखाली जात होता. दोन्ही तुकडे झाले. मी जोडणाऱ्या रेघेची वाट पाहत होते. आणि त्यांचा हात दमला. मनगट खाली पडलं आणि पेन्सिल उजव्या तुकड्याकडून डाव्याकडे फरपटत गेली, पुसट, तिरपी. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि पुन्हा डावा भाग काढायला लागले.

मी पुढचा कागद पाहिला आणि त्याच्या पुढचाही. तेच. तोच डावा तुकडा, तोच उजवा, आणि मग मनगट पडायचं.

ते तुकडे मी ओळखले. पहिल्या वर्षाच्या वर्गात पहिल्या तासाला ते फळ्यावर जी आकृती काढायचे, तीच होती ती, दोनदा. आयुष्यभर दरवर्षी काढलेली. हाताला पाठ झालेली. सुट्या तुकड्यांची ती आकृती सरांनी एखाद्या पोराच्या हातात पाहिली असती तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. इथं ते स्वतःच कागदामागून कागद तीच काढत होते आणि त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहून हसले, पाहुण्याकडे बघून हसावं तसे. मला तिथंच ओरडावंसं वाटलं, सर, 'हे जयनगरला सोडून ये' म्हणा ना मला! म्हणा ना! पण तोंड न उघडण्याची शप्पथ घेतली होती.

बाहेर आले तर काकू स्वयंपाकघरात त्याच टेबलाशी उभ्या होत्या. कुजबुजत म्हणाल्या, "झालं? कळलं कुठली रेघ ते?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. ते काही सुचत नव्हतं असं नाही, चांगली तीनचार वाक्यं तयार होती. पण ह्या घरात माझ्याकडून एकच गोष्ट मागितली गेली होती, बघून सांग. मी म्हटलं, "काकू, ती रेघ ते काढत नाहीत. हात घसरतो, त्याची होते. आणि बाकीचं... ते जुनं आहे. सवयीचं. त्यात विचार नाही आता."

"पण तुझं ते गणित जुळलं होतं की."

"योगायोग होता तो. दुसरीकडे कुठंच जुळत नाही. मी आज डोळ्यांनी बघितलं, काकू. ते काम करत नाहीत."

त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं रडतील, किंवा माझ्यावर चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडणात काहीतरी करता येतं. पण त्यांनी टेबलावरचा पुसलेला भाग पुन्हा हातानं पुसला आणि कुजबुजत नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी ह्यांच्याशी बोललेच नाही गं."

मला आधी कळलंच नाही.

"इतके महिने. ती पोरगी म्हणाली होती, दिवसभर बोला ह्यांच्याशी, म्हणजे शब्द येतील. आणि मी काय केलं? काम चाललंय म्हणून मध्ये एक शब्द टाकला नाही. लग्न झाल्यापासून हेच केलं बघ. हे कागदावर बसले की मी गप्प. नवी नवरी होते तेव्हा एकदा चहा विचारायला गेले, तर असं बघितलं माझ्याकडं, की पुन्हा कधी नाही. मला वाटलं, तसंच असेल. मला वाटलं, आत चाललंय त्यांचं."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो धरू दिला नाही. उठल्या, पदर खोचला आणि आतल्या खोलीत गेल्या. मी दारात थांबले. सर डावा तुकडा काढत होते. काकू त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या, त्यांच्या बोटांतली पेन्सिल हळूच काढून घेतली आणि म्हणाल्या, "अहो, ऐकताय का? समोरच्या घरातली ती म्हातारी मुलाकडं राहायला गेली. कुलूप आहे त्यांच्या दाराला. आणि आपल्या मोगऱ्याला कळ्या धरल्यात, खिडकीतून दिसतील तुम्हाला. आज उपम्यात मिरची जास्त झाली होती का हो? काही बोलला नाहीत."

बोलताना त्यांचा आवाज अडखळत होता. ह्या खोलीत बोलायची सवयच नव्हती त्यांना. सरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, थोडा वेळ, नीट. मग नजर टेबलावर गेली आणि उजवा हात पेन्सिल शोधत कागदावरून इकडे तिकडे फिरायला लागला. काकूंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्या बोलत राहिल्या.